सायकल करकरायली, बीबी दोनदा बदलला तरी आवाज तसाच

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहायलोय. शिक्षक आहे, शाळा औसा रोडनं पुढं जाऊन आत एका गावात. चार वर्षांपासून सायकलनंच जातो, जाऊन-येऊन ३४ किलोमीटर. सायकल हायब्रिड, ॲल्युमिनिअमची फ्रेम, पुढं ३ आणि मागं ८ गिअर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आवाज सुरू झालाय. उजवं पायडल खाली दाबलं की ‘कर्रक’. दर फेऱ्याला एकदा. सपाटीला हलक्या गिअरवर काही नाही. चढ लागला किंवा समोरून वारं आलं की सुरू. आवाज थेट दोन पायांच्या मधून, बीबीतून (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा मधला ॲक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो तो भाग) येतो असं वाटतं. दुकानात दाखवलं, त्यांनी सायकल धुऊन बीबी बदलला. आठ दिवस बरं वाटलं, मग परत तेच. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथंही बीबीच बदलला. दोन्ही मिळून १,८०० रुपये गेले. आता म्हणतात, “सर, फ्रेमच गेली, नवी बघा.”

या सायकलनं माझे चार पावसाळे काढलेत. खरंच गेली असेल तर मन घट्ट करून बाजूला ठेवीन, पण नुसत्या अंदाजावर टाकून द्यायची माझी तयारी नाही. कसं शोधायचं ते कुणी नीट सांगेल का?

गोदेचा पाना

सर, फ्रेमवर एकदम जाऊ नका. नांदेडला वडिलांचं सायकलचं दुकान होतं, आता मी बसतो. करकरणाऱ्या सायकली सारख्या येतात आणि त्यात फ्रेम फुटलेली क्वचित निघते. तरी पहिल्यांदा फ्रेमच तपासा, कारण जिवावर बेतणारी गोष्ट ती एकच आहे. सायकल स्वच्छ पुसा, उन्हात उलटी ठेवा आणि सांधे बघा: बीबीला तीन नळ्या येऊन मिळतात ती जागा, हँडलखाली जिथं खालची तिरकी नळी जोडलीय तिथली खालची बाजू, सीटची नळी जिथं आत जाते ते फ्रेमचं तोंड, मागच्या चाकाचे कान (फ्रेमच्या ज्या खाचांत चाकाचा ॲक्सल बसतो त्या). रंगाला केसाएवढी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर सायकल तिथंच उभी करा, दुकानापर्यंतसुद्धा चालवू नका. लोखंडी फ्रेम असेल तर अशा रेघेतून गंज बाहेर आलेला दिसतो. ॲल्युमिनिअमला गंजाचा रंग येत नाही, काळी रेघ दिसते.

फ्रेम ठीक असेल तर पुढचं. आवाज जिथं ऐकू येतो तिथंच तो असतो असं नाही. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. विहिरीत खडा टाकल्यावर आवाज कोणत्या कडेनं आला ते सांगता येतं का? तसंच हे. सीटच्या नळीतली करकर पायात ऐकू येते, मागच्या चाकाची बीबीत ऐकू येते. म्हणून कानावर विसंबून सुटे भाग बदलत बसलं की पैसे जातात आणि आवाज राहतो. सायकलला एकेक प्रश्न विचारायचा.

मोकळा रस्ता बघा आणि वेगात असताना पायडल मारणं थांबवा. आवाज तरीही आला तर पायडल-बीबी संशयातून सुटले. चाक, तारा, कॅरिअर, मडगार्ड बघायचं. थांबला तर जोर जातो त्या वाटेवरचं काहीतरी आहे. मग मोजा. दर फेऱ्याला एकदा असेल तर पायडल, क्रँक (पायडलचा दांडा), चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्रीचे) बोल्ट, बीबी यांपैकी एक, किंवा जोर पोचतो तिथला एखादा सांधा. चाकाच्या फेऱ्याला एकदा असेल तर चाक. अडीच-पावणेतीन फेऱ्यांनी एकदा ‘टक’ होत असेल तर चेनची एखादी कडी अडकलीय: ११२ कड्यांची चेन ४४ दातांच्या चेनरिंगवर साधारण अडीच फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरते. खडूनं एका कडीवर खूण करून बघितलं की कळतं.

पुढं सीटवरून उठून उभं राहून चालवा. बंद झाला तर सीट, सीटची नळी नाहीतर तिचा क्लॅम्प. नाही झाला तर उभे राहा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल खाली-वर दाबा. तेव्हा आला तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) किंवा हेडसेट (हँडल वळतं तिथली बेअरिंग).

सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट उघडा, पुसा, ग्रीस लावा, आवळा आणि एक चक्कर मारून या. तीन गोष्टी एकदम केल्या आणि आवाज गेला तर कशानं गेला ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून.

खुलताबादचा चढ

पानादादांचं शंभर टक्के बरोबर. मी संभाजीनगरचा. दौलताबादवरून खुलताबादकडं चढताना माझी सायकल असाच त्रास द्यायची, खाली शहरात एक शब्द नाही. बीबीचाच संशय होता, कारण माझा प्रेसफिट आहे. म्हणजे त्याला आटे नसतात, बेअरिंगचा कप फ्रेमच्या भोकात दाबून बसवलेला असतो. या प्रकारात फ्रेमचं भोक जरा कमी-जास्त निघालं की कप हलतो आणि करकरतो, हे खरं आहे. पण माझ्याकडं निघाली सीटची नळी. चढावर आपण सीटवर मागं सरकून जोर देतो ना, तेव्हा ती वाकायची. नळी बाहेर काढली तर आत बारीक रेती. पुसून, पातळ ग्रीस लावून बसवली, काम झालं.

एक सावधगिरी. कार्बनची नळी किंवा कार्बनची फ्रेम असेल तर साधं ग्रीस लावू नका, ती घसरत राहते आणि आपण क्लॅम्प जास्त आवळत जातो. कार्बनसाठी रेतीसारखे कण असलेली वेगळी पेस्ट मिळते, तीच लावायची.

रानवाट

धाग्याच्या मधेच विचारते, माफ करा. आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले. मुलगी नववीला, शाळा चार किलोमीटर. शाळेतून मिळालेली साधी सायकल आहे, गिअर वगैरे काही नाही. तिच्या डाव्या पायडलला दर फेऱ्याला ‘टक्’ होतं आणि ती म्हणते पाय मधेच पोकळीत पडल्यासारखा वाटतो. गावात दुकान नाही. मुलगी एकटी जाते-येते, म्हणून काळजी वाटते. घरी काही करता येईल का?

गोदेचा पाना

ताई, माफी कशाची, तुमचं काम सरांच्या आधी. दर फेऱ्याला ‘टक्’ आणि पाय पोकळीत पडणं ही कॉटरपिन ढिली झाल्याची खूण आहे. लक्ष दिलं नाही तर क्रँकचं भोकच वाढतं आणि मग पिन नवी घालूनही टिकत नाही. म्हणून आजच बघा.

क्रँक जिथं मधल्या ॲक्सलला बसतो तिथं एक आडवी पिन आरपार गेलेली दिसेल, एका टोकाला नट. ती पिन पाचरीसारखी असते, एका बाजूनं तासलेली. तासलेली बाजू ॲक्सलच्या खाचेवर बसते. पुष्कळ जण नुसता नट आवळतात. नट पिनेला जागेवर राखतो, पण पाचर आत ओढून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. जास्त आवळला तर आटे निघतात. पाचर ठोकूनच बसवावी लागते.

ठोकताना क्रँकखाली टेका पाहिजे. लोखंडी पाइपचा जाड तुकडा उभा करा, एक टोक जमिनीवर, दुसऱ्यावर क्रँकचा तो भाग, असा की नटाचं टोक पाइपच्या पोकळीत उतरेल. मग पिनेच्या जाड टोकावर हातोडीचे दोन-तीन सरळ घाव. टेका नसला तर तो घाव आतल्या छऱ्यांवर जातो आणि कपाला खळगे पडतात. मग नट आवळा, परत एक घाव, परत आवळा. दोन दिवस शाळेत जाऊन आली की पुन्हा एकदा आवळून घ्या.

पिनेचा तासलेला भाग चेपलेला, पायरी पडलेली दिसली तर नवीच आणा. जुनी पिन खिशात घालून न्या, जाडी जुळली पाहिजे. नवी घालताना दिशा चुकू देऊ नका. उजवं पायडल वर आणल्यावर त्याच्या पिनेचा नट ज्या बाजूला दिसतो, डावं पायडल वर आणल्यावर त्याचाही नट त्याच बाजूला दिसला पाहिजे. उलट बसली तर दोन्ही पायडल एका रेषेत राहत नाहीत आणि लेकराचे गुडघे दुखायला लागतात.

रोलिंगवाला

जालन्याहून. स्टीलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, सायकल हा जिव्हाळ्याचा विषय. आवाज मुळात का होतो ते सांगतो, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले आहेत आणि त्यांच्यावर आडवा जोर येतो. स्थिर घर्षण त्यांना धरून ठेवतं, जोर साठत जातो, धातू जरासा वाकतो. मग एका क्षणी पकड सुटते आणि पृष्ठभाग केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर झटकन सरकतो. परत पकड, परत सुटणं. सेकंदात असं अनेकदा झालं की त्याला आपण करकर म्हणतो. जुन्या दाराची बिजागरी, वंगण संपलेली बैलगाडी, सगळीकडं हेच. आजोबांच्या गाडीखाली वंगणाचा डबा टांगलेला असायचा, तो याच कारणासाठी.

म्हणजे करकरीला तीन गोष्टी लागतात: जोर, कोरडा सांधा आणि किंचित ढिलाई. ग्रीस कोरडेपणा घालवतं, योग्य आवळणी ढिलाई घालवते. नुसतं एक केलं तर आवाज आठ दिवसांनी परत येतो. आपल्याकडं याला काळी माती फार मदत करते. तिचे कण इतके बारीक की ओली असताना पाण्याबरोबर कुठल्याही फटीत शिरतात आणि वाळल्यावर तिथंच धरून बसतात.

आवळणीचं म्हणाल तर चौकोनी ॲक्सलच्या क्रँकबोल्टला साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) लागतात. टॉर्कचा पाना नसेल तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर अंदाजे १६ किलोचा जोर दिला की ४० होतात. हा हिशेब स्टेमच्या बारक्या बोल्टांना लावू नका, त्यांना ५-६ च पुरतात, जास्त दिले की तुटतात. बोल्टवर किंवा स्टेमवर आकडा छापलेला असेल तर तोच खरा.

आणि फवाऱ्याचं गंज सोडवायचं तेल बेअरिंगवर मारू नका. ते असलेलं ग्रीस विरघळवतं. दोन दिवस शांत, मग आधीपेक्षा वाईट.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अंगणात बसलो, धाकटा भाऊ सोबत होता.

फ्रेम पुसून, मोबाईलचा उजेड पाडून सगळे सांधे बघितले. एकही रेघ नाही. नख कुठंच अडकलं नाही. तिथंच निम्मं ओझं उतरलं.

पायडल थांबवलं की आवाज बंद. उभं राहून चालवलं तरी येतो. ब्रेक दाबून हँडल दाबलं तर काही नाही. भावाच्या सायकलचे पायडल लावून बघितले, आवाज तोच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे माहीत होतं म्हणून बरं झालं, नाहीतर मी जोर लावून ते वाटोळं केलं असतं. चेनरिंगचे पाचही बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून आवळले. चक्कर मारली. तसाच. क्रँकबोल्ट आवळले. चक्कर मारली. तसाच. सीटची नळी काढली, आत रेती निघाली, ती साफ केली, पण आवाज तसाच.

आता राहिला तो बीबी, आणि तो तर दोनदा नवा घातलाय. खरं सांगतो, संध्याकाळी मन खट्टू झालं.

गोदेचा पाना

सर, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात राहिली. पहिल्यांदा बीबी बदलला तेव्हा त्यांनी सायकल धुतली आणि आठ दिवस आवाज नव्हता. नवा बीबी आठ दिवसांत खराब होत नाही. मग ते आठ दिवस कशानं मिळाले? दुकानात आम्ही डिझेलनं धुतो. मागचं चाक, गिअर, चेन सगळं. त्या डिझेलचा पातळ थर कुठल्यातरी कोरड्या सांध्यात गेला, सांधा आठ दिवस ओला राहिला, मग वाळला. मला वाटतं तुमचा आवाज बीबीत नाहीच, मागं आहे.

उजवं पायडल दाबलं की चेन मागचं चाक उजवीकडून पुढं ओढते. तो सगळा ताण उजव्या कानावर येतो. तिथं तीन गोष्टी असतात: ॲक्सलचं टोक, क्विक रिलीज (चाक आवळायची-सोडायची लिव्हर) आणि डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) धरणारा हँगर. हँगर हा वेगळा तुकडा असतो, फ्रेमला एक-दोन बारक्या बोल्टांनी जोडलेला. तो सैल झाला की अगदी बीबीसारखा बोलतो.

असं करा. सायकल जमिनीवर उभी धरा, मागचा ब्रेक घट्ट दाबा, उजवा क्रँक पुढं आडवा ठेवा आणि पायानं पायडल दाबा-सोडा, दाबा-सोडा. चाक फिरणार नाही, पण ताण तोच येईल. आवाज आला की भावाला एकेका सांध्यावर बोटांची टोकं ठेवायला सांगा, बीबीवर, सीटच्या नळीवर, मागच्या दोन्ही कानांवर. कान फसतो, बोट फसत नाही. जिथं बोटाला झिणझिणी लागेल ती जागा. बोटाला कळत नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक सांध्यावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला.

खुलताबादचा चढ

आणि तिथं असतानाच मागच्या तारा दोन-दोन धरून दाबून बघा. एकमेकींना ओलांडतात तिथं कोरड्या झाल्या की त्याही करकरतात. त्या जागेवर तेलाचा एकेक थेंब पुरतो. रिमला किंवा डिस्कला तेल लागू देऊ नका, ब्रेक जाईल.

मांजराकाठ

सापडला!

शाळेतून आल्यावर भावाला हाक मारली. मी ब्रेक दाबून पायडल दाबत होतो, तो खाली बसून बोटं ठेवत होता. बीबीवर ठेवलं, म्हणला, “इथं नाही काही.” सीटच्या नळीवर नाही. डाव्या कानावर नाही. उजव्या कानावर ठेवलं आणि हात झटकन मागं घेतला. “दादा, इथं चावायलंय.”

चाक काढलं. हँगरला दोन बोल्ट होते. त्यातला एक मी नुसत्या चिमटीनं फिरवला. दुसरा एलन कीनं काढला आणि हँगर फ्रेमपासून सुटा केला. मधल्या जागेत काळ्या मातीचा थर होता, वाळून तव्याला चिकटलेल्या भाकरीच्या पिठासारखा पापुद्रा झालेला. नखानं उचलला तर अख्खा निघाला, त्याच्यावर बोल्टांच्या भोकांचे दोन गोल उमटलेले. त्याखाली राखाडी पावडर, बोटाला लागली की पेन्सिलीच्या शिशासारखी. आणि फ्रेमच्या कानावर चंद्रकोरीएवढी एक जागा घासून आरशासारखी चकाकत होती. एवढीशी जागा. तिच्यासाठी फ्रेम बदलायची म्हणत होते.

माती कुठली तेही लक्षात आलं. शाळेच्या आधी तीन किलोमीटर पाणंद रस्ता आहे. परतीच्या पावसात सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी तिथून चिखलातून गेलो होतो, चाक अडकलं म्हणून काडीनं माती काढत होतो.

जुन्या बनियनचा तुकडा रॉकेलमध्ये भिजवून दोन्ही बाजू पुसल्या, टूथब्रशनं आटे साफ केले. ग्रीसचा इतका पातळ थर दिला की खालचा धातू दिसत राहील. बोल्ट बसवले. कानाच्या आतल्या-बाहेरच्या बाजू आणि क्विक रिलीजची टोकंही पुसली. क्विक रिलीज असा दाबला की तळहातावर लिव्हरचा वळ उठला.

आज सकाळी औसा रोडला पहिल्या चढावर मुद्दाम जड गिअर टाकून उभा राहिलो. नुसता टायरचा आवाज, आणि शेजारून गेलेल्या उसाच्या ट्रॉलीचा. घरी येईपर्यंत दहा वेळा तरी जोर लावून बघितला असेल.

रोलिंगवाला

लई भारी, सर. ती राखाडी पावडर म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइड, घासून घासून तयार झालेला. त्या बोल्टांच्या आट्यांना निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, ग्रीस फक्त सपाट बाजूंना. बारके बोल्ट आहेत, नुसत्या ग्रीसवर परत सैल होतील.

रानवाट

आमच्याकडचंही सांगते. माझ्या भावानं बोअरच्या पाइपचा तुकडा टेकवून पिन ठोकली. जुनी काढून बघितली तर तासलेल्या बाजूला खरंच पायरी पडली होती, म्हणून अंबाजोगाईहून नवी आणली. भाऊ आधी उलट घालत होता, तुमचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा फिरवली. दोन दिवसांनी परत आवळायला गेला तर नट पाव फेरा फिरला. आता ‘टक्’ नाही. मुलगी म्हणते पाय जड लागतो. तो पूर्वी पोकळीत पडायचा म्हणून असं वाटत असेल का?

गोदेचा पाना

ताई, दोन-चार दिवस तसं वाटतं. पण एकदा चेन उतरवून पायडल हातानं फिरवा. खरखर लागली किंवा मधेच अडलं तर आतले छरे कोरडे झालेत. ते दुकानातच उघडा, एका बाजूला पाव इंची ११ छरे असतात, एखादा जरी हरवला तरी बसवताना फसायला होतं. उजव्या बाजूच्या कपाचे आटे बहुतेक सायकलींना उलटे असतात, तो घरी उघडू नका. आणि मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर सायकल धुवायला देऊ नका. त्या फवाऱ्याचं पाणी थेट छऱ्यांत जातं.

मांजराकाठ

दादा, एक शेवटचं. हँगर परत बसवल्यापासून मागच्या दोन नंबरच्या गिअरवर चेन जरा घुटमळते, मोठ्या चक्रीवर चढायला बघते. बाकी सात बरोबर. हँगर वाकडा बसला का?

गोदेचा पाना

मागून बघा, डिरेलरची दोन बारकी चाकं वरच्या चक्रीच्या बरोबर खाली सरळ रेषेत आहेत का. आत झुकलेली दिसली तर हँगर वाकलाय, तो मापाच्या दांड्यानं दुकानात सरळ करून घ्या. सरळ असतील तर केबल जास्त ताणलीय. डिरेलरमध्ये केबल शिरते तिथं एक गोल बोंडूक असतं, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पाव फेरा आत फिरवा. चक्कर मारून या. कमी वाटलं तर आणखी पाव.